कार्यानुभवाचं मडकं मुलांनाच घडवू द्या



कार्यानुभवाची वस्तू करून आणायला सांगितली की बऱ्याच घरांतून आधी स्टेशनरीच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. रंगीत क्ले, थर्माकोल, तयार किट. रात्री आई-बाबा वस्तू बनवतात, सकाळी मूल ती जपून शाळेत आणतं आणि वहीवर 'उत्तम' असा शेरा पडतो. आता तुम्हीच सांगा, हा शेरा नेमका कोणाला मिळाला?

माझं म्हणणं साधं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना किटऐवजी खरी माती आणि वाटेत पडलेलं लाकूड द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्यात सुतार, कुंभार यांच्याकडून शिकण्याचा उल्लेख आहे. छानच आहे. पण बोटं शिकायला लागतात ती सहावीच्या कितीतरी आधी. मग तोवर थांबायचं कशाला?

आमचं आनंदनगर म्हणजे अंबरनाथची एमआयडीसी. इथे माती कुठून आणायची, असं तुम्ही म्हणाल. नाल्याकाठची किंवा वालधुनीच्या पात्रातली माती मुलांच्या हातात अजिबात देऊ नका, त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं आहे. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांकडे शाडू मिळते, ती आणा. भाजलेली नसल्यामुळे वस्तू मोडली तरी भिजवून पुन्हा वापरता येते. लाकूड तर फुकटच. गळून पडलेल्या काटक्या, सालीचे तुकडे, पिंपळाची पानं गोळा करा. झाडाची फांदी मात्र तोडायची नाही.

आता वर्गात करून बघा. मातीचा गोळा घ्या, मधे अंगठा दाबून वाटी घडवू द्या. ओल्या वाटीवर पिंपळाचं पान उलट्या बाजूने दाबलं की शिरा उमटतात. साल दाबली की खरखरीत नक्षी येते. जपानच्या प्राचीन 'जोमोन' मडक्यांना तर नावच दोरीच्या ठशांवरून मिळालं आहे. आपल्याकडे संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी सापडलेली तांबडी भांडी तीन हजार वर्षांहून जुनी आहेत. त्यांच्यावर काळ्या रंगाची नक्षी आहे. ही चित्रं मुलांना जरूर दाखवा.

मग मातीच्या ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा मोजा. ती कमी भरते, कारण पाणी गेलं की माती आकसते. म्हणूनच ओल्या वाटीत काटकीची मूठ घट्ट रोवून ठेवली तर तडा जातो. माती आकसते, काटकी तेवढी आकसत नाही. भोक जरा मोठं ठेवायचं, काटकी वाळल्यावर बसवायची. पण हे आधीच सांगू नका. तडा गेला की मूल स्वतःच विचारतं, "बाई, असं का झालं?" विज्ञानाचा तास तिथे सुरू होतो.

कपडे मळतात, परीक्षेत हे येत नाही, असं काही पालक म्हणतात. कपडे धुता येतात. आणि मोजमाप, निरीक्षण, वाट बघणं हे परीक्षेत नाही तर कुठे लागतं? आमच्याकडे कामासाठी दूरदूरहून आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत. धडा वाचताना अडखळणारं मूल मातीपुढे अडखळत नाही. त्याला पुढे बसायला मिळतं, हे काय कमी आहे?

तेरच्या संत गोरा कुंभारांची आख्यायिका आपण सगळेच सांगतो. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. पण कुंभाराचं लाकडी थापटणं मुळात घडवायला असतं. आत दगड धरायचा, बाहेरून हलकेच थापटायचं आणि भांड्याला आकार द्यायचा. आपण शाळेत ते तपासायलाच जास्त वापरतो.

तेव्हा पुढच्या कार्यानुभवाच्या तासाला वाटी किती सुबक झाली हे बघू नका. मुलाला तीनच प्रश्न विचारा: हे पान कुठे सापडलं? कुठे तडा गेला? पुन्हा केलंस तर काय बदलशील? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. आणि पालकहो, वाकडी का होईना, ती वाटी घरात दिसेल अशी ठेवा. पाणी तेवढं घालू नका, विरघळेल.