सर्वांत खालच्या पायरीवर

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा तान्ही बाळे गेली, हे आमचा जिल्हा विसरलेला नाही. विसरणार तरी कसा? परंतु त्या आगीनंतर आपण सर्वांनी मिळून काय केले, याचा मात्र आपल्याला सोयीस्कर विसर पडला आहे. तो विसर मोडण्यासाठी हा लेख लिहीत आहे. काही वाचकांना तो रुचणार नाही. परिचारिकांची बाजू मांडणे म्हणजे त्या दहा आयांशी द्रोह करणे, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना तर मुळीच रुचणार नाही. मला ती समजूत खोटी वाटते. त्या आयांना न्याय मिळाला असे जे भासवले गेले, तो न्याय नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. विशेष नवजात शिशू दक्षता कक्षात त्या रात्री सतरा बाळे होती. कक्षाचे दोन भाग होते. एकात रुग्णालयातच जन्मलेली बाळे आणि दुसऱ्यात बाहेर जन्मून, तब्येत बिघडल्यामुळे आणलेली. पहिल्या भागातली सात बाळे बाहेर काढता आली. दुसऱ्या भागातली दहा गेली, काही भाजून आणि बहुतेक धुराने गुदमरून. बहुतेकांचे आईबाप मोलमजुरी करणारे. मुख्यमंत्री आले, मंत्री आले, चौकशी समिती नेमली गेली. महिना संपण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जण निलंबित झाले, कोणाची बदली झाली, आणि एका डॉक्टरची व दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. इथवर सारे खात्यातल्या खात्यात होते. पुढे फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो सदोष मनुष्यवधाचा, आणि नोंदवला तो त्या दोन कंत्राटी परिचारिकांवर.

शिडी कशी उतरली ती पाहा. वरच्या पायरीला निलंबन, मधल्या पायरीला बदली आणि अगदी तळाच्या पायरीला फौजदारी. ज्यांची नेमणूक मुदतीची, वेतन ठोक, पाठीशी खाते नाही आणि पेन्शनही नाही, त्यांनाच तेवढे कायद्याने घट्ट धरले. एखाद्या इमारतीत विजेची वायरिंग कशी असावी, धूर निघाला तर घंटा वाजवणारे यंत्र असावे की नसावे, पाण्याचे फवारे बसवावेत की पुढच्या अंदाजपत्रकात ढकलावेत, यांतला एक तरी निर्णय कंत्राटी परिचारिकेला विचारून घेतला जातो काय? तिला साधा बंद पडलेला दिवा बदलून घ्यायचा तर तीन ठिकाणी अर्ज करावा लागतो.

यावर ठरलेला आक्षेप असा की, "त्या खोलीत नव्हत्या, हे तर चौकशीत निघाले ना?" होय, तसा ठपका आहे. तो खरा की खोटा हे न्यायालय ठरवील. मी न्यायाधीश नाही आणि वकीलही नाही. कर्तव्यात कसूर झाली असेल तर तिची शिक्षा व्हावी, यातही माझे दुमत नाही. पण मला जो हिशेब येतो तो साध्या अंकगणिताचा आहे. अशा कक्षात तीन ते चार बाळांमागे प्रत्येक पाळीत एक परिचारिका असावी, असे सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. सतरा बाळांना किमान चार-पाच झाल्या. त्या रात्री जबाबदारी ज्यांच्यावर टाकली गेली त्या दोघी. दीड किलोच्या आतल्या बाळाला दर दोन तासांनी नळीने नाहीतर पलाडीने दूध द्यावे लागते. एका बाळाला दहा मिनिटे धरा. सतरा बाळांची एकशे सत्तर मिनिटे. दोघींत वाटली तर प्रत्येकीला पंच्याऐंशी. दोन तासांतली उरलेली पस्तीस मिनिटे लंगोट बदलणे, तापमान पाहणे, सलाइनचा वेग पाहणे, इंजेक्शने भरणे, वजन घेणे, यंत्रांच्या पिपाण्या बंद करणे आणि हे सारे कागदावर व पुन्हा संगणकावर चढवणे यासाठी. बाहेर दाराशी बाळाच्या आजीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे यात धरलेले नाही. स्वतः पाणी पिणेही नाही.

हे आधुनिक परिचर्येचे खरे रूप आहे आणि ते बाहेरच्या जगाला ठाऊक नाही. आपल्या डोळ्यांपुढे अजून पांढरी टोपी आणि थर्मामीटर आहे. वस्तुतः आजची अधिपरिचारिका एकाच वेळी यंत्रचालक, कारकून, स्वयंपाकघराची देखरेख करणारी, हिशेबनीस आणि नातेवाइकांच्या रागाची उशी असते. रेडिएंट वॉर्मर, फोटोथेरपी, इन्फ्यूजन पंप ही यंत्रे रुग्णालयात आली तेव्हा फोटो निघाले, फिती कापल्या गेल्या. ती चालवणाऱ्या हातांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. यंत्र विकत घेता येते, त्यावर पाटी लावता येते; माणसाच्या पगारावर पाटी लावता येत नाही, हेच कारण असावे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार काय होती? भरती खासगी कंत्राटदारामार्फत नको, ही. म्हणजे भंडाऱ्याच्या आगीला सव्वा वर्ष होत नाही तोच सरकार उलट दिशेने निघाले होते. आपण वर्तमानपत्रात वाचले ते एवढेच की, "परिचारिकांच्या संपामुळे रुग्णांचे हाल."

आता आपल्याविषयी. नर्सबाईला आपण "सिस्टर" म्हणतो. बहीण या शब्दाला आपल्या भाषेत केवढी माया आहे! आणि हाक मात्र "ए सिस्टर" अशी. डॉक्टर आले की उभा राहणारा माणूस सिस्टर आली की पाय पसरतो. पुण्यात सेवासदनाने १९०९ नंतर रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने मध्यमवर्गातल्या मुलींना, विधवांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवायला सुरुवात केली, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात लावणारे हे काम घरंदाज बाईचे नव्हे, अशी ओरड झाली. त्याआधी हे काम कोणी केले? मिशनच्या बायांनी, ख्रिस्ती मुलींनी, ज्यांच्या स्पर्शाने आपण एरवी विटाळलो असतो त्यांनी. आजारी पडल्यावर विटाळ संपत असे. शंभर वर्षे लोटली तरी रात्रपाळीविषयीचे ते हलके हसणे आपल्या बैठकीतून गेलेले नाही. लग्न जमवताना मुलीची सरकारी नोकरी हवी असते, रात्रपाळी नको असते. रुग्णालय सायंकाळी सहाला बंद होते, अशी त्या मंडळींची कल्पना असावी!

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. ती तळघरात कपडे बदलायला गेली होती. पुढे ती ४२ वर्षे त्याच रुग्णालयात पडून होती; १८ मे २०१५ ला गेली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण तिची सेवा थांबली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेचा गौरव केला. आपणही गहिवरलो. गहिवर आपल्याला चटकन येतो. पण हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता, कामाच्या जागी सुरक्षितता मागितली होती, हे गहिवरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याग आठवतो, मागणी आठवत नाही.

करोनाच्या दिवसांतही हेच झाले. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी विमाने आणि हेलिकॉप्टरे रुग्णालयांवर फुले टाकून गेली. ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुइणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली होती. थाळ्यांपासून भंडाऱ्याच्या गुन्ह्यापर्यंत अकरा महिनेही लागले नाहीत.

आणि त्याच वर्षी नगर. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. तिथल्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वायरिंग करणारा, इमारत ताब्यात घेणारा, अग्निसुरक्षेचा कागद पाहणारा यांपैकी कोणाच्या हाती त्या आठवड्यात बेडी पडली नाही. घरोघर भाऊ ओवाळून घेत होते त्या दिवशी ज्या बहिणी कामावर होत्या, त्या कोठडीत गेल्या. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी आरोप असेल तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे निष्पक्ष मत घ्यावे, सरसकट अटक करू नये. योग्यच आहे. नगरला ती ढाल डॉक्टरच्याही कामी आली नाही; परिचारिकेच्या हाती तर ती कोणी दिल्याचेच दिसत नाही.

मग जबाबदार कोण? यासाठी नवा कायदा नको, असलेला वाचावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याचे कलम ३ ही जबाबदारी इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकते, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायला सांगते. सरकारी रुग्णालयाचा मालक सरकार. सेवेत कधी जानेवारी आणि जुलै पाहावे लागतील अशी कल्पना कंत्राटावर सही करताना त्या दोघींना कोणी दिली नसेल. ते महिने पाहणे त्यांचे कामच नव्हते. ज्यांचे होते ते आरोपींच्या यादीत नव्हते.

तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतून रात्री-अपरात्री कमी वजनाचे बाळ उराशी धरून भंडाऱ्याला येणाऱ्या बाईला दुसरा आसरा नाही. नागपूर पुढे साठ किलोमीटर. तिच्यासाठी माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बाळांच्या कक्षाच्या दाराशी परिचारिकांच्या पाळीची यादी लागते. तिच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तीन कागद लागावेत: या पाळीत नियमाने परिचारिका किती हव्या आणि आज किती आहेत, आगीच्या यंत्रणेचे गेल्या जानेवारीचे किंवा जुलैचे प्रमाणपत्र, आणि त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, हुद्द्यासकट. कागद नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. बाळाला भेटायला आलेल्या माणसाने आत जाण्यापूर्वी ते वाचावे, कोरी जागा दिसली तर "ए सिस्टर" अशी हाक न मारता सरळ जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दालनाचे दार ठोठावावे.