पुन्हा पुन्हा ओठांवर येणारी गाणी

मनुष्य जन्मभर असंख्य गाणी ऐकतो. परंतु अखेरपर्यंत त्याची सोबत करतात ती मोजकीच. वाचकहो, असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

सुरतेत उधन्याजवळील नवागाम-डिंडोली भागात खानदेशातून पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे नांदत आहेत. पुरुष यंत्रमागांवर राबतात. कित्येक स्त्रिया साड्यांचे धागे कापण्याचे वा टिकल्या लावण्याचे काम घरी आणतात. शेत सुटले, जाते सुटले. पण खानदेशी माणसाला बहिणाबाई चौधरींची गाणी काही सोडवत नाहीत.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे गावी झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. ऐन तारुण्यात वैधव्य आले. शेतात व जात्यावर काम करता करता त्या गीते रचीत आणि ती इतरांनी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या. पुढच्याच वर्षी पुत्र सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गीते प्रसिद्ध केली.

त्यांत नवल वाटावे असे आहे तरी काय? चूल, तवा, सुगरण पक्ष्याचे घरटे, माहेरची वाट आणि क्षणभरही स्थिर न राहणारे मन! परंतु नव्या नवरीला त्यांत आपली हुरहूर सापडते, विधवेला आपले धैर्य आणि वृद्धेला आपले गेलेले दिवस. गीत तेच राहते; ऐकणारा वयाने व दुःखाने वाढतो आणि प्रत्येक वेळी त्याला नवा अर्थ गवसतो. वर्षानुवर्षे म्हटली जाणारी स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे शिळी होत नाहीत, त्याचेही रहस्य आमच्या मते हेच आहे.

दुसरे कारण लयीचे. ओवी ही श्रमाची सोबतीण. हात जात्याच्या खुंट्यावर फिरे, तसा शब्द मुखातून निघे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणासाठी ओवीच निवडली, ती लोकांच्या कानांत आधीपासून होती म्हणून. पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, यावरून ही संपत्ती केवढी, हे ध्यानी यावे.

मात्र संग्रहात जपलेले गीत आणि घरात गायिलेले गीत यांत अंतर आहे. परप्रांतात वाढणाऱ्या मुलांची शाळा निराळी, खेळगड्यांची भाषा निराळी. आजीची बोली त्यांच्या कानी पडली नाही, तर छापील पुस्तक असूनही ते गीत त्यांच्यापुरते मुके होईल. नंतर दुःखाच्या वेळी त्यांनी शब्द कोठून आणावेत?

म्हणून आमची एवढीच विनंती: रात्रीच्या जेवणानंतर यंत्र घटकाभर बंद ठेवावे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला एक गीत म्हणावयास सांगावे. आवाज थकलेला असला तरी चालेल. मुलांच्या स्मरणात तोच राहील.