ऐपतदारांनो, लग्न साधं करा

महागाई वाढली की साधेपणाचा उपदेश सुरू होतो, आणि ज्याच्याकडे मुळात कमी आहे त्यालाच तो ऐकवला जातो. लग्नाचंच बघा. दोन एकरवाल्याने कर्ज काढून मुलीचं लग्न केलं की आपण त्याला उधळ्या ठरवतो; बड्या घरचा मांडव पाच एकरांवर पडला की 'काय दणक्यात बार उडवला!' म्हणून कौतुक करतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. साधं लग्न न परवडणाऱ्यांना शिकवण्यात अर्थ नाही. ते परवडणाऱ्यांनी करून दाखवायला हवं.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे : 'पैसा आमचा, हौस आमची, तुमच्या पोटात का दुखतं?' लग्न घराच्या ओसरीवर चार माणसांत झालं असतं तर हे उत्तर बिनतोड होतं. पण पंचक्रोशीत पत्रिका वाटायच्या, चौकाचौकांत फ्लेक्स लावायचे आणि वर हौस खासगी म्हणायची, हे कसं जमावं? बड्या घरचं लग्न गावाचा दर ठरवतं. 1961च्या कायद्याने हुंडा घेणं गुन्हा ठरलं, म्हणून आता सुपारीच्या बैठकीत हुंड्याचं नाव कुणी काढत नाही. 'आम्हाला काही नको, फक्त लग्न तोलामोलाचं करून द्या,' एवढंच म्हणतात. तोलामोलाचं म्हणजे कसं, हे मुलीच्या बापाने गेल्याच हंगामात बड्यांच्या मांडवात पाहिलेलं असतं. मग तो पतसंस्थेची पायरी चढतो.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. लग्नावर मांडववाले, आचारी, फुलवाले, बँडवाले यांची पोटं चालतात हे खरंच आहे. पण लग्नात न उडवलेला पैसा जळून जात नाही. तो घराच्या स्लॅबला, ठिबकच्या नळ्यांना, पोरीच्या फीला लागतो. तिथेही गवंडी, दुकानदार, शिक्षक आहेतच. उलट कर्जाने केलेलं लग्न पुढची कित्येक वर्षं त्या घराची बाजारातली खरेदी आखडून टाकतं. आणि हा युक्तिवाद जुनाच आहे. ओतूरला सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्नं लावली तेव्हा ग्रामजोशी दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात गेले होते. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं आणि ग्रामजोशी हरले. कुणाची तरी मिळकत थांबते, एवढ्यावर कुठलीही रूढी योग्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. 'लोकांचं कंबरडं शाळेच्या फीने, दवाखान्याच्या बिलाने, खतांच्या भावाने मोडलंय; तुम्ही खापर फोडता त्यांच्या लग्नावर!' हे मला मान्य आहे. 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे नेमलेल्या आयोगानेच नोंदवलं की रयतेच्या कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. लग्नाचे प्रसंग क्वचितच येतात, असं आयोगाचं म्हणणं होतं. इंग्रज सरकारच्या आयोगाला जे कळलं ते आपल्या प्रवचनकारांना अजून कळत नाही. पण या आक्षेपाने माझं म्हणणं खोडलं जात नाही, पक्कंच होतं. गरिबाला दोष द्यायचा नसेल, तर दर वाढवणाऱ्याला जाब विचारायला हवा. साखरपुडा, प्री-वेडिंग शूट, मेंदी, संगीत, हळदीचा डीजे, रिसेप्शन : एका लग्नाची ही सहा लग्नं दोन एकरवाल्याने शोधून काढलेली नाहीत.

राहिला आक्षेप आनंदाचा. साधं लग्न म्हणजे रडकं लग्न, असं म्हणणाऱ्यांनी आजचा दणकेबाज मांडव आठवावा. मुहूर्त कधीच टळलेला. माइकवर आमदारांपासून माजी सरपंचांपर्यंत नावं पुकारली जातायत. फेटा, शाल, श्रीफळ, फोटो. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्यात. नवरानवरी स्टेजवर अवघडून उभी, कारण अजून तीन पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद बाकी आहेत. यात आनंद नेमका कुणाचा चाललाय?

आता करायचं काय, तेही सांगतो. वाट नवी नाही. 25 डिसेंबर 1873ला पहिला सत्यशोधक विवाह झाला, तो भटजीशिवाय आणि मोजक्या खर्चात. गाडगेबाबा कीर्तनातून कर्ज काढून सण-लग्नं करू नका म्हणून कळवळून सांगत. ते स्वतः चिंध्या पांघरून फिरले, पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. साधेपणाला कंजूषपणा म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे. 1954च्या विशेष विवाह कायद्याने तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होतं. नंतर जवळच्यांची पंगत बसवा, वाढपी घरचेच ठेवा, आग्रह करकरून जिलबी वाढा. सत्कार नको, डीजे नको, आहेर नको.

2025 साली मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली, हे चांगलंच झालं. पण तिची कसोटी बैठकीत नसून ती मांडणाऱ्यांच्या घरच्या लग्नात आहे. आज सामुदायिक विवाहात गरिबांची पोरं बोहल्यावर उभी राहतात आणि आयोजक पुढारी अक्षता टाकतो. त्याचा स्वतःचा मुलगा त्या रांगेत क्वचितच दिसतो. म्हणून तर साध्या लग्नाला गरिबीचा शिक्का बसला. तो पुसणं गरिबाच्या हातात नाही. परवडत नाही म्हणून केलेल्या साध्या लग्नाची लोक कीव करतात. परवडत असून केलेल्या साध्या लग्नाचा पायंडा पडतो.