‘छान’ या शब्दाविरुद्ध

मराठीतील सर्वांत निरुपद्रवी भासणारा आणि प्रत्यक्षात सर्वाधिक हानी करणारा समीक्षाशब्द कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही ‘छान’ या शब्दाकडे बोट दाखवू. कवितेला छान, एकांकिकेला छान आणि आता हौशी छायाचित्रकाराने टिपलेल्या मोटारीलाही छान. या शेवटच्या उदाहरणापाशी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण समीक्षेचे प्रयोजन काय, हा आपला जुना प्रश्न तेथे फार उघडा होऊन समोर येतो.

आमचे शहर मोटारींचे शहर आहे. वाळूजला बजाजचा कारखाना पूर्वीपासून होताच. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकाच वेळी खरेदी केल्या आणि देशभर चर्चा झाली. अशा शहरातील तरुणांनी दौलताबादच्या किल्ल्याच्या पार्श्वभूमीवर गाडी उभी करून छायाचित्रे घ्यावीत, हे स्वाभाविकच आहे. या छंदाला चंगळवाद म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आमचा पहिला वाद आहे. विषय हलका की भारी, यावर कलाकृतीची प्रत ठरत नाही, हे आपण एम.ए.च्या वर्गात शिकवतो. वर्गाबाहेर पडताच ते विसरायचे कशासाठी?

शिवाय मोटार हा विषय मुळीच सोपा नाही. रंगवलेला, चकाकणारा पत्रा म्हणजे वक्र आरसाच. त्यात आकाश दिसते, विजेचा खांब दिसतो, समोरची टपरी दिसते आणि दारावर स्वतः छायाचित्रकारही दिसतो. मोटारीचे छायाचित्र हे बऱ्याच अंशी तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबांचे छायाचित्र असते. मराठवाड्यातल्या दुपारच्या उन्हात टप आणि बॉनेट पांढरे फटक होतात, चाकांच्या खोबणी काळ्या पडतात आणि मधला आकार हरवतो. सूर्य मावळल्यानंतर काही मिनिटे सारे आकाशच एक विशाल, मऊ दिवा बनते, तेव्हा त्याच पत्र्यावरून प्रकाशाची एक सलग रेषा धावते आणि गाडीची घडण प्रथमच दिसते.

दुपारी टिपलेल्या छायाचित्राला ‘छान’ म्हणणारा स्नेही त्या मुलाला या संध्याकाळपासून वंचित ठेवतो. याउलट, ‘टपातून खांब उगवला आहे’, ‘फोन फार जवळ नेल्यामुळे पुढचा भाग फुगला आहे, मागे सरक आणि झूम कर’, ‘उभ्या माणसाच्या उंचीवरून टिपलेस, आता दिव्यांच्या उंचीवर बस’, ही तीन वाक्ये सांगणारा त्याला तीन दारे उघडून देतो. यात कसलाही कठोरपणा नाही. बारकाईने पाहण्याचे कष्ट घेणे हाच येथे स्नेह आहे.

‘कला म्हणजे आत्माविष्कार, तीत दुसऱ्याने लुडबुड कशाला?’ असा आक्षेप येईल. तो या शहरात तरी येऊ नये. वली आणि सिराज औरंगाबादी यांच्या या भूमीला उर्दू काव्यातील ‘इस्लाह’ची परंपरा परकी नाही. शागिर्दाने शेर उस्तादापुढे ठेवायचा आणि उस्तादाने त्यातला शब्द बदलून परत द्यायचा, यात कवीचा अवमान कोणी मानला नाही. संगीतात तालमीवाचून रियाझाची कल्पनाही कोणी करत नाही. मग लेखनात आणि छायाचित्रणातच प्रतिभा एवढी नाजूक कशी झाली, की दुरुस्तीच्या स्पर्शाने तिने कोमेजून जावे?

मात्र दुसऱ्या टोकाचे समीक्षकही आम्हांला मान्य नाहीत. ‘दृष्टीच नाही’ हा शेरा ‘छान’इतकाच आळशी आहे, दोहोंतही छायाचित्र पाहिलेलेच नसते. मर्ढेकरांनी लयतत्त्व मांडताना संवाद, विरोध आणि समतोल ही साधने आपल्या हाती दिली. ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गाडून न ठेवता येथे वापरून पाहावीत. किल्ल्याच्या खडबडीत दगडाशी गुळगुळीत पत्र्याचा विरोध साधला आहे काय? उतरत्या डोंगररेषेशी टपाची रेषा संवाद करते काय? एका कडेला ढकललेल्या गाडीला दुसऱ्या कडेची मोकळी जागा तोलून धरते काय? अशा प्रश्नांतून येणारा अभिप्राय हौशी माणसालाही समजतो आणि उपयोगी पडतो.

अभिप्रायाइतकाच सराव महत्त्वाचा, पण ‘काढत राहा, जमेल’ हा उपदेश अर्धसत्य आहे. दुरुस्तीविना केलेल्या सरावाने चूकच पक्की होते. धावती गाडी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात टिपली, तर चाके गोठतात आणि गाडी उभी असल्यासारखी दिसते. त्याऐवजी सेकंदाच्या साठाव्या किंवा तिसाव्या भागाचा वेग ठेवून गाडीसोबत कॅमेरा फिरवला, तर गाडी स्पष्ट राहते आणि मागची झाडे वाहू लागतात. ही गोष्ट वाचून दोन मिनिटांत कळते. हाताला कळायला शेकडो फसलेल्या चौकटी लागतात. म्हणून आमचे सांगणे असे : एकच गाडी, एकच सुरक्षित मोकळी जागा आणि एक महिना. दर वेळी एकच गोष्ट बदलावी, कधी प्रहर, कधी उंची, कधी अंतर. मग शंभरांतून तीन चित्रे स्वतः निवडून, मन न राखणाऱ्या एका माणसापुढे ठेवावीत. निवड हेही आत्मपरीक्षणच आहे, आणि महागडा कॅमेरा ते आपल्यासाठी करत नाही.

प्रश्न अर्थातच केवळ मोटारींच्या चित्रांचा नाही. कवितांची वही घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला आपले मराठी विभाग काय देतात? बहुधा एक ‘छान’ आणि ‘लिहीत राहा’. तो लिहीत राहतो, जिथे होता तिथेच राहून. ज्यांना कोणी कधी नीट वाचले नाही, अशा कवींची एक पिढी आपण सौजन्याने घडवत आहोत. त्या वहीतल्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढून ‘ही ओळ येथे का?’ एवढे विचारण्यास फार विद्वत्ता लागत नाही. ते विचारण्याचा पगार तर आपण घेतोच.