अद्भुताचे वावडे : ‘त्येनशू छीथान’च्या निमित्ताने

चिनी अॅनिमेशनपटांचा विषय निघाला की आपल्याकडील जाणकार दोन नावे घेतात आणि थांबतात : वानरराजाच्या स्वर्गातील धुमाकुळाचा दोन भागांतला पट (१९६१ व १९६४) आणि ‘नझा’ (१९७९). शांघायच्या त्याच चित्रसंस्थेने १९८३ साली पूर्ण केलेला, वांग शूचेन आणि छ्येन युन्दा यांनी दिग्दर्शित केलेला ‘त्येनशू छीथान’ (स्वर्गीय ग्रंथाची अद्भुत कहाणी) या यादीत सहसा नसतो. चीनमध्ये तो विस्मृत नाही. २०२१ मध्ये त्याची पुनरुज्जीवित प्रत तेथे चित्रपटगृहांत लागली. चीनबाहेरच्या समीक्षेने मात्र त्याला बालरंजनाच्या खात्यात टाकून हात झटकले आहेत. हे खाते चुकीचे आहे, आणि ही चूक केवळ एका चित्रपटापुरती नाही, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

कथानक थोडक्यात असे. स्वर्गातील ग्रंथांचा रक्षक युआन गोंग हा बंदिस्त ग्रंथ उघडतो, पृथ्वीवर आणतो आणि त्यातील विद्या गुहेच्या भिंतीवर कोरतो. या अपराधासाठी त्याला त्याच गुहेची राखण करण्याची शिक्षा होते. अंड्यातून जन्मलेला दानशेंग हा मुलगा त्याचा शिष्य बनतो. तीन कोल्हे-पिशाच्चे ग्रंथ पळवतात. मग मुलगा आणि कोल्हे यांचा सामना. मूळ सामग्री ‘पिंग याओ च्वान’ या जुन्या कादंबरीतली. तिची वाढवलेली चाळीस प्रकरणांची आवृत्ती फंग मंगलोंग याने मिंग काळात सिद्ध केली. चित्रपटाने तिच्यातून फारच थोडे घेतले आहे. मूळ कृतीशी इमान राखले की नाही, हा प्रश्न म्हणूनच येथे फिजूल ठरतो.

या चित्रपटाकडे थोडे गंभीरपणे पाहणारे लोक त्याला रूपक मानतात. सांस्कृतिक क्रांती १९७६ मध्ये संपली, चित्रपट सात वर्षांनी आला. तेव्हा कुलूपबंद ग्रंथ म्हणजे दडपलेले ज्ञान आणि युआन गोंग म्हणजे छळ सोसलेला बुद्धिवंत. समीकरण सुबक आहे. परंतु ते मांडले की कोल्ह्यांचे काय करायचे, याचे उत्तर उरत नाही. कारण चोरलेल्या ग्रंथातून कोल्ह्यांनी केलेली जादूही तितकीच फळते. ज्ञान मुक्त झाले की आपोआप कल्याण होते, असा दिलासा हा चित्रपट देत नाही. संहिता एकच, वाचणारे दोन, आणि दोघांचेही वाचन परिणामकारक! संहितेच्या अर्थाची मालकी कोणाची, यावर परिसंवाद भरवणाऱ्या आपल्या विद्यापीठीय मंडळींना (त्यांत मीही आलो) एवढी गैरसोयीची गोष्ट सहसा सुचत नाही.

दुसरा आक्षेप असा की पात्रांना मानसिक खोली नाही. ती नाहीच. पात्रांची रेखाटने चिनी ऑपेरातील रंगभूषेवरून घेतलेली आहेत. जिल्ह्याच्या लोभी अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर विदूषकाची खूण आहे, आणि ती ओळखणाऱ्या प्रेक्षकाला त्याचे मन उकलून दाखवण्याची गरज नसते. दशावतारी खेळातल्या संकासुराच्या अंतर्मनाचा शोध घेण्याइतकीच ही अपेक्षा अस्थानी आहे.

या अधिकाऱ्याचाच एक प्रसंग पाहावा. जे टाकाल ते वाढवून देणारे एक भांडे त्याच्या हाती लागते. त्याच्या म्हाताऱ्या बापाचा तोल जातो आणि तो भांड्यात पडतो. मुलगा त्याला ओढून काढतो. पाठोपाठ दुसरा बाप निघतो, मग तिसरा, मग आणखी. खरा कोणता हे ठरवणे अशक्य, आणि पितृभक्ती ज्या समाजात सर्वोच्च धर्म आहे तेथे एकालाही हाकलण्याची सोय नाही. याला लोभावरचा उपहास म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. वस्तुत: येथे भांड्याच्या नियमाला बाप अपवाद नाही, एवढेच घडते, चमत्कार आपल्या तर्काशी इतका प्रामाणिक राहतो की नीतीची सारी व्यवस्था त्यात सापडून हास्यास्पद होते. भरताने अद्भुताची उत्पत्ती वीरापासून सांगितली आणि हास्याची शृंगारापासून. येथे वीर नाही, शृंगार नाही. अद्भुतच हास्याला जन्म देते. ‘नझा’मध्ये आत्मबलिदान आहे, म्हणून समीक्षकांना तो चटकन गंभीर वाटतो. हसवणाऱ्या अद्भुतासाठी मात्र आपल्याजवळ कप्पाच नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या परिवारातील कादंबऱ्यांना ‘अद्भुतरम्य’ म्हणून आपण इतकी वर्षे वास्तववादाच्या उंबऱ्याबाहेर बसवले, त्या सवयीचाच हा परिणाम. त्या कादंबऱ्या थोर होत्या असे नव्हे. पण त्यांतले अद्भुत कोणत्या नियमाने चालते, हे तपासण्याचे कष्ट फारसे घेतले गेले नाहीत.

रूपकवाद्यांना एक प्रश्न उरतोच. कोल्हे दरबारापर्यंत पोहोचतात, बालसम्राटाभोवती जाळे विणतात, गावे नागवली जातात. या साऱ्यात स्वर्गाला हालचाल करावीशी वाटत नाही. कोल्ह्यांचा निकाल लागल्यावर मात्र स्वर्गाचे दूत उतरतात, आणि ते ग्रंथ उघडणाऱ्या युआन गोंगला धरून नेतात. विद्येच्या दुरुपयोगाची चौकशी कोणीच करत नाही. गुन्हा नोंदला जातो तो ती उघड केल्याचा. दानशेंग खाली उभा राहून गुरूला जाताना पाहतो. या शेवटाला ‘बालांसाठी’ म्हणणाऱ्यांनी तो एकदा पुन्हा पाहावा, आणि मग आपले वर्गीकरण लेखी मांडावे.