मोबाईल आहे, मग घड्याळ कशाला?

‘खिशात मोबाईल आहे की, टायम त्यातच दिसतो.’ गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर काय, घड्याळाचा विषय निघाला की पोरांचं उत्तर ठरलेलं असतं. ते अगदीच खोटं नाही. मोबाईल नेटवर्कवरून वेळ घेतो, म्हणून तो मनगटावरच्या बहुतेक घड्याळांपेक्षा अचूक असतो. त्यात गजर असतो, बॅटरीचा उजेडही असतो. याच पारावर दुसरा पक्षही ऐकू येतो: घ्यायचंच तर स्मार्टवॉच घ्यावं, नाहीतर भारीतलं ऑटोमॅटिक, प्लास्टिकचं डिजिटल शाळकरी पोरांनी घालावं.

दोन्ही मतांत एक गृहीत दडलेलं आहे. साधं घड्याळ म्हणजे ‘किती वाजले’ एवढंच सांगणारी वस्तू, असं दोन्ही पक्ष धरून चालतात. अडचणीच्या वेळी मात्र किती वाजले यापेक्षा किती वेळ झाला हे कळणं महत्त्वाचं असतं, आणि तेव्हा हात कामात गुंतलेले असतात.

गावोगावच्या आशाताईंचं काम पाहावं. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. तिथल्या ३९ गावांत बालमृत्यूच्या, नेमकं सांगायचं तर नवजात मृत्यूच्या, प्रमाणात तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून ही पद्धत देशभर आशांमार्फत राबवली जाऊ लागली. आशाच्या पिशवीत तापमापी, वजनकाटा, बाळाचं ब्लँकेट यांच्यासोबत एक साधं डिजिटल मनगटी घड्याळही असतं. कारण सरळ आहे. बाळाची छाती किती वेळा वरखाली होते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं. आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचं, आणि पुन्हा तेवढा किंवा जास्त आला तर ती धोक्याची खूण. नजर छातीवर आणि एक हात बाळाचं पांघरूण सावरत असताना दुसऱ्या मनगटावर सेकंद धावताना दिसायला हवेत. मोबाईलवरही हे जमतं, पण तो धरायला हात लागतो, मध्येच पडदा विझतो आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन येतो.

रात्रीच्या पाण्याचंही तसंच. जिथे शेतीपंपाची लाईट अजून पाळीने रात्रीची येते, तिथे शेतकरी चिखलात उभा राहून दारं धरतो. मोबाईल पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवलेला असतो. अशा वेळी पायाला काही चावलं, तर दवाखान्यात पहिला प्रश्न येतो: किती वाजता चावलं? घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर डॉक्टर कोरड्या काचनळीत थोडं रक्त घेतात, ती २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करून पाहतात. रक्त गोठलं नसेल, तर विष रक्तात भिनल्याची खूण. खेड्यातल्या दवाखान्याला परवडणारी ही तपासणी एका नळीवर आणि एका घड्याळावर चालते.

स्मार्टवॉचवाल्यांचा मुद्दा नाडीचा आणि पावलांचा. पण ज्या यंत्राला दर दोन दिवसांनी किंवा आठवड्याने चार्जर लागतो, ते ऊसतोडीच्या कोपीत किती दिवस चालणार? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बऱ्याच फडांवर चार्जिंग म्हणजे दुसऱ्याच्या मेहरबानीची गोष्ट असते. शिवाय आतली बॅटरी दमली की गावातला घड्याळवाला ती बदलू शकत नाही.

चावीच्या घड्याळाचं प्रेम समजण्यासारखं आहे. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या एचएमटीने दोन पिढ्यांच्या मनगटावर ‘जनता’ बांधलं. लग्नातलं ते घड्याळ आजही कपाटात जपून ठेवलेलं असतं आणि ते जपायलाच हवं. पण २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. सुटे भाग आणि हात बसलेले कारागीर दोन्ही विरळ होत चालले आहेत. साधं यांत्रिक घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद सहज चुकतं. सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ तेवढं महिन्याभरात चुकतं. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि ही अचूकता स्वस्त घड्याळातही असते, महागातही. महाग म्हणजे अचूक, हा समज इथे टिकत नाही. महाग म्हणजे मजबूत, हाही नाही.

मजबुतीचं खरं उदाहरण प्लास्टिकचंच आहे. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटल्यावर कॅसिओचे अभियंते किकुओ इबे यांनी १० मीटरवरून पडून न फुटणारं, १० बार दाब सोसणारं आणि १० वर्षं सेल टिकणारं घड्याळ करायचं ठरवलं. सुमारे २०० नमुने मोडल्यावर १९८३ मध्ये जी-शॉक बाजारात आलं. आतलं यंत्र जणू तरंगत ठेवायचं आणि धक्का बाहेरच्या रबरी कवचाने घ्यायचा, ही त्यातली युक्ती.

पण प्रत्येकाने जी-शॉकच घ्यावं असं नाही. कॅसिओचीच डब्ल्यू-८००एच किंवा एई-१२०० ही मॉडेलं स्वस्तातल्या स्मार्टफोनपेक्षाही कमी किमतीत मिळतात. सेल १० वर्षांचा, पाण्याला १०० मीटरचा शिक्का, सेकंद ठळक. हा मीटरचा आकडा पोहण्याची खोली नव्हे, तो नव्या घड्याळावर घेतलेल्या दाबाच्या चाचणीचा आहे. ३० मीटर म्हणजे पाऊस आणि हात धुणं. ५० मीटर असेल तर पोहता येतं. विहिरीत उडी मारायची तर १०० मीटर हवं. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलेलं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून लाखो मनगटांवर आहे, हलकं आणि विश्वासू आहे. पण ते विहिरीसाठी नाही. बाजारात त्याच्या नकलाही फार. उजवीकडचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की अस्सल घड्याळाच्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. आणि रेडिओ सिग्नलवर आपोआप वेळ लावणाऱ्या घड्याळासाठी इथे जादा पैसे मोजू नयेत. त्याची केंद्रं जपान, चीन, अमेरिका आणि युरोपात आहेत. आठवड्यातून एकदा मोबाईलवरून वेळ जुळवली की पुरे. तेवढा मान मोबाईलला द्यावाच.

काट्यांचंच घड्याळ आवडत असेल तर सेकंदकाटा असलेलं क्वार्ट्झ घ्यावं. सेल बदलताना मात्र ‘एसआर’ अक्षरांचा मागावा. ‘एलआर’चा स्वस्त पडतो, पण तो हळूहळू उतरत जातो आणि गळून यंत्र खातो. पाठीचं झाकण उघडलं की आतली रबरी रिंग तपासून घ्यावी, नाहीतर १०० मीटरचा शिक्का नुसता शिक्काच उरतो. फडावर जाणाऱ्यांनी हे काम दसऱ्याच्या आधीच्या आठवडी बाजारात उरकावं आणि जमलं तर एक जादा पट्टाही घ्यावा. उसाच्या पाचटाने आणि घामाने आधी पट्टाच तुटतो.