पाय गेला, फाईल फिरतेय: उपचारातल्या चुकीची भरपाई माजी सैनिकाला मिळते कशी, अडते कुठे?

गावात एखाद्या माजी सैनिकाचा पाय काढावा लागला की पारावर दोन बाजू पडतात. एक म्हणते, साखर वाढली होती, पाय सडत गेला, डॉक्टर तरी काय करणार? दुसरी म्हणते, आठ दिवस नुसतं ड्रेसिंग करून घरी पाठवत होते, वेळेवर मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं तर पाय वाचला असता. दोन्ही बाजूंत तथ्य असू शकतं. भरपाई मात्र ठरते ती कागदावर, आणि बहुतेकांच्या हातात कागदच नसतो.

या प्रश्नावर सगळ्यात मोठा निकाल सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2023 रोजी दिला. हवाई दलातला एक कॉर्पोरल 2002 साली 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी सीमेजवळ नेमणुकीवर असताना आजारी पडला. जम्मूजवळच्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात त्याला एक बाटली रक्त चढवलं. बारा वर्षांनी, 2014 साली, त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. लष्करी मेडिकल बोर्डानेच हा आजार त्या रक्तातून आला, म्हणजे नोकरीमुळे झाला, असं नोंदवलं. तरी त्याने भरपाई मागितली तेव्हा यंत्रणेने हात वर केले. आपल्याच उपचारांची कागदपत्रं मिळवायला त्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करत बसावं लागलं. 2016 साली त्याची नोकरी संपली. 2021 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली, कारण तज्ज्ञाचं मत जोडलेलं नव्हतं.

सुप्रीम कोर्टाने हा निकाल उलटा फिरवला. हवाई दल आणि लष्कर दोघांना मिळून जबाबदार धरलं आणि 1 कोटी 54 लाख 73 हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली. वर अपंगत्व पेन्शनची थकबाकीही सहा आठवड्यांत चुकती करा, असा आदेश दिला.

रकमेचा आकडा मोठा, म्हणून बातम्यांत तोच झळकला. गावाकडच्या माणसाने त्यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. घडलेली गोष्टच बोलत असेल, म्हणजे दवाखान्यात काळजी घेतली असती तर असं झालंच नसतं हे उघड दिसत असेल, तर आम्ही चूक केली नाही हे दवाखान्याने दाखवायचं. रुग्ण भुलेखाली असतो, बेशुद्ध असतो. आत काय घडलं ते त्याने कसं सांगायचं? प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ डॉक्टरचा दाखला हवाच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2010 सालीही सांगितलं होतं. खाली तालुक्या-जिल्ह्यात मात्र आजही पहिला सवाल तोच येतो, "तज्ज्ञाचं मत आणलंय का?" आणि दुसऱ्या डॉक्टरच्या विरोधात लिहून देणारा डॉक्टर शोधायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा अवघड.

हातापायाच्या बाबतीत हिमाचलच्या एका खेड्यातल्या बाईंचं प्रकरण जवळचं आहे. 2006 साली शिमल्याच्या सरकारी रुग्णालयात एका छोट्या तपासणीआधी त्यांना उजव्या हातात इंजेक्शन दिलं. हात लगेच दुखू लागला. त्या सांगत होत्या, ओरडत होत्या, कुणी मनावर घेतलं नाही. पुढे हात काळा पडला आणि कोपराच्या वरून कापावा लागला. खालच्या आयोगांनी हातावर थोडीफार रक्कम टेकवली. 2019 साली सुप्रीम कोर्टाने ती तुटपुंजी ठरवून आणखी 10 लाख रुपये द्यायला लावले. गरीब, खेड्यातली, घर सांभाळणारी बाई, म्हणून तिच्या हाताची किंमत कमी होत नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. तेरा वर्षं लागली, हेही खरं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जुनं. 1953 साली कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुण मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि मुलगा दगावला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1968 साली. भरपाई 3 हजार रुपये. डॉक्टरने रुग्ण हाती घेताना, उपचार ठरवताना आणि उपचार करताना वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालाने पक्कं केलं. पुढच्या बऱ्याच निकालांचा पाया तोच आहे.

आता माजी सैनिकाचं दुखणं वेगळं कुठे आहे? त्याच्यासमोर एकाच वेळी तीन दारं असतात आणि कुठलं ठोठवायचं हे धड कुणी सांगत नाही. नोकरीत असताना झालेली दुखापत किंवा नोकरीमुळे बळावलेला आजार असेल, तर प्रश्न अपंगत्व पेन्शनचा. तो लष्करी नोंदी कार्यालयातून सुरू होतो आणि तिथे न्याय नाही मिळाला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातो. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. निवृत्तीनंतर ईसीएचएस कार्डावर खासगी दवाखान्यात उपचार घेतले आणि तिथे हलगर्जीपणा झाला, तर तो विषय पेन्शनचा नाही. ती ग्राहक आयोगाची केस. तिसरं दार ईसीएचएसकडे तक्रारीचं. त्यातून दवाखान्यावर कारवाई होऊ शकते, पण गेलेल्या पायाचे पैसे ठरत नाहीत.

घोळ इथेच होतो. माणूस पॉलिक्लिनिकला हेलपाटे मारतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज देतो, आमदार-खासदारांचं पत्र घेतो. अर्ज चालू आहे म्हणून निवांत राहतो. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत आहे दोन वर्षं, आणि हे अर्ज चालू असले तरी ती थांबत नाही. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून आयोगाकडे माफी मागता येते. ती मिळेल की नाही हे आयोगाच्या हातात.

"कार्डावर फुकट उपचार झाले, मग ग्राहक कसले?" असंही दवाखान्याचे वकील विचारतात. त्याला उत्तर 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. नोकरीच्या अटीनुसार मालकाने खर्च उचलला तर ते उपचार फुकट धरले जात नाहीत. शिवाय ईसीएचएसमध्ये सैनिकाचं स्वतःचं वर्गणीचं पैसे भरणंही आहेच. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं रुग्णालय मात्र या कायद्याच्या बाहेर राहतं. तिथे दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्टाचा रस्ता.

पोलीस ठाण्याचं काय? रागाच्या भरात पहिल्यांदा तिकडेच धाव घेतली जाते. 2005 च्या निकालानुसार डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला हलगर्जीपणा अगदी ढळढळीत लागतो आणि पोलिसांनाही आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. भरपाईसाठी एवढा उंबरठा ओलांडावा लागत नाही. दवाखान्याच्या काचा फोडून तर हातची केस जाते, वर उलटा गुन्हा बसतो.

मग करायचं काय, तर आधी केसपेपर. पेशंटने किंवा त्याच्या माणसाने लेखी मागणी केली की 72 तासांत नोंदी द्यायच्या, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला 2002 पासूनचा नियम आहे. भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या, हाही. डिस्चार्ज कार्डावर भागवू नये. रोजच्या नोंदींचा कागद, नर्सचा चार्ट, रक्ताचे रिपोर्ट, संमतीपत्र, कापलेल्या भागाचा तपासणी अहवाल, सगळं मागावं. पाय वाचू शकला असता का, याचं उत्तर त्या रोजच्या चार्टवरच्या तारखा आणि वेळांत असतं. मागणीची पोच घ्यावी. दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवावी. पोच आहे आणि कागद दिले नाहीत, हीसुद्धा आयोगासमोर बोलणारी गोष्ट आहे.

तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, दवाखाना पुण्या-मुंबईत असला तरी. उपचारापोटी दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. हिशेब बिलाचा होतो, मागितलेल्या भरपाईचा नाही. बिल तीन लाखांचं असलं तरी मागणी जास्त करता येते. ऑनलाइन अर्जाची सोय आहे. वकील हवाच असंही नाही. 1990 साली हैदराबादमध्ये शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पाय निकामी झालेल्या एका विद्यार्थ्याने सुप्रीम कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि 2009 साली 1 कोटी रुपये मिळवले.

त्या निकालात पुढच्या आयुष्यभराची देखभाल, फिजिओथेरपी आणि औषधं असा वेगवेगळा हिशेब धरला होता. आपल्याकडच्या तक्रारींत बहुतेक वेळा फक्त दवाखान्याचं बिल आणि "मानसिक त्रास" एवढंच लिहिलेलं असतं. कृत्रिम पाय एकदा बसवला की संपलं, असं नसतं. तो झिजतो, मापाला येईनासा होतो, काही वर्षांनी बदलावा लागतो. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून सैनिकांसाठी हे काम करतंय. तिथून किंवा दुसरीकडून पुढच्या खर्चाचा लेखी अंदाज घेऊन तो तक्रारीला जोडावा. शेतात उभं राहता येत नाही म्हणून लावावा लागणारा गडी, त्याची मजुरी, तालुक्याला जायला करावी लागणारी गाडी, हेही त्यात यायला हवं.